वलगण : थवा, उथळ आणि एका शब्दाचे मूळ

इंग्रजी भाषेत ‘शोल’ हा एक शब्द आहे. माशांचा मोठा थवा हा त्याचा एक अर्थ आणि समुद्रातील वा नदीतील उथळ जागा हा दुसरा. शब्दकोशात हे दोन्ही अर्थ शेजारी छापलेले पाहिले, की एकातून दुसरा निघाला असावा असे कोणालाही वाटते. उथळ पाण्यात मासे गोळा होतात, म्हणून त्या जागेचे नाव त्या थव्याला मिळाले असेल, अशी सोपी उपपत्ती मनात येते. पण शब्दांचा इतिहास ही उपपत्ती मान्य करीत नाही. उथळ जागेचा ‘शोल’ जुन्या इंग्रजीतील ‘शाल्ड’सारखा उच्चार असलेल्या, उथळ या अर्थाच्या विशेषणापासून आला, थव्याचा ‘शोल’ समुदाय, टोळी, जमाव या अर्थाच्या वेगळ्याच शब्दापासून आला. दोन निराळे प्रवाह वाहत येऊन उच्चाराच्या एका पात्रात मिळाले, एवढेच.

हीच गोष्ट त्या भाषेतील ‘स्कूल’ या शब्दाचीही आहे. विद्येचे ‘स्कूल’ मूळ ग्रीक. तेथे त्याचा अर्थ रिकामपण, फुरसत असा होता आणि लॅटिनच्या वाटेने ते युरोपभर गेले. माशांचे ‘स्कूल’ मात्र डच भाषेतून आले आणि ते थव्याच्या ‘शोल’चे सख्खे भावंड आहे. आजचे मत्स्यशास्त्रज्ञ या दोन भावंडांत भेद करतात. मासे नुसते एकत्र राहिले तर ‘शोल’. सगळे एकाच दिशेने, एकाच गतीने, कवायत केल्यासारखे पोहू लागले तर ‘स्कूल’. लोकभाषेने जे सैल ठेवले होते ते शास्त्राने घट्ट केले.

हे उदाहरण प्रथम मांडण्याचे कारण असे, की उच्चारसाम्य आणि अर्थसाम्य एकत्र आले की व्युत्पत्तीचा मोह अनावर होतो. तो किती फसवा असू शकतो, याचा आपल्या बाजूचा पुरावाही पाहण्याजोगा आहे. बंगालीत ‘शोल’ नावाचा एक मासा आहे. मराठीत ज्याला मरळ म्हणतात त्याच कुळातला हा मासा उथळ, गढूळ पाण्यात राहतो. त्याची पिल्ले दाट थव्याने फिरतात आणि आईबाप त्या थव्याची राखण करतात. नाव ‘शोल’, वस्ती उथळात, पिल्ले थव्यात! इंग्रजी शब्दाशी याचे नाते जोडायला आणखी काय हवे? परंतु बंगाली ‘शोल’ हा संस्कृत ‘शकुल’ या मत्स्यनामाचा वंशज आहे आणि इंग्रजी शब्दाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. व्युत्पत्तीचा निर्णय ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांनी होतो, अर्थाच्या जुळणीने नव्हे, हे सूत्र विद्यार्थ्यांनी अशा उदाहरणांवरूनच शिकावे.

आता प्रश्न आपल्या भाषेचा. थवा आणि उथळ या दोन कल्पना एका शब्दात आणण्याचे काम इंग्रजीत योगायोगाने झाले. मराठीत असा शब्द आहे काय? असल्यास तो योगायोगाने झाला, की अनुभवातून? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी संस्कृत कोशपरंपरेपासून आरंभ करणे इष्ट ठरेल.

अमरकोशाच्या पहिल्या कांडाच्या शेवटी वारिवर्ग येतो. समुद्र, लाटा, तीर, नौका अशी नावे सांगत अमरसिंह पाण्याच्या खोलीपाशी पोहोचतो. खोल पाण्याला निम्न, गभीर, गंभीर. त्याच्या उलट ते उत्तान. तळाला स्पर्शच होत नाही ते अगाध. ‘अगाध’ म्हटल्याबरोबर कोशकार वळतो तो धीवरांकडे. कैवर्त, दाश, धीवर ही त्यांची नावे सांगितल्यावर जाळे, मासे ठेवण्याची टोपली, गळ आणि मग माशांची नावे येतात. या ओघात एक असा शब्द येतो, की ज्याच्याकडे मराठी अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. तो शब्द ‘पोताधान’. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या बारीक माशांचा समूह असा त्याचा अर्थ कोशात दिला आहे. ‘पोत’ म्हणजे पिल्लू. ‘आधान’ म्हणजे ठेव. पिल्लांची ठेव! ज्या कोशकाराने उथळ आणि अगाध यांच्यापासून काही ओळींच्या अंतरावर हा शब्द ठेवला, त्याच्यासमोर पाणी, पाण्यावर जगणारी माणसे आणि पाण्यात वाढणारे जीव हे एकच दृश्य होते.

समूहवाचक शब्दांच्या बाबतीतही अमरसिंह असाच काटेकोर आहे. दुसऱ्या कांडातील सिंहादिवर्गात तो समूहांची प्रतवारी लावतो. सारख्यांचा तो वर्ग, प्राण्यांचा संघ वा सार्थ, सजातीयांचे कुल, तिर्यंचांचे यूथ, पशूंचा समज आणि इतरांचा समाज. आज ज्या ‘समाज’ शब्दावर आपली निम्मी वैचारिक चर्चा उभी आहे, तो मुळात ‘समज’ या पशुसमूहवाचक शब्दापासून एका दीर्घ स्वराने वेगळा केलेला शब्द आहे. ‘कुल’ आणि ‘कूल’ यांची जोडीही अशीच. ऱ्हस्व उकाराचे ‘कुल’ म्हणजे सजातीयांचा समूह. दीर्घ ऊकाराचे ‘कूल’ म्हणजे तीर. बोलण्याच्या ओघात मराठी माणूस हा ऱ्हस्वदीर्घ भेद फारसा पाळत नाही, त्यामुळे आपल्या कानाला हे दोन शब्द जवळजवळ एकच वाटतात. समूह आणि पाण्याचा काठ असे दोन अर्थ एका उच्चाराशी आले, म्हणजे इंग्रजी ‘शोल’ची प्रतिकृतीच झाली. ‘अनुकूल’ आणि ‘प्रतिकूल’ या रोजच्या शब्दांत दडलेले आहे ते तीर, कुळ नव्हे. काठाला धरून ते अनुकूल, काठाच्या विरुद्ध ते प्रतिकूल.

संस्कृतातून हे शब्द लोकभाषांत उतरले तेव्हा त्यांच्या वाटा फुटल्या. या वाटा पाहण्यासाठी रायपूरसारखे ठिकाण फार सोयीचे आहे. येथे मराठी आणि छत्तीसगढी या दोन भाषा दीर्घकाळ शेजारी नांदल्या. १७४१ साली भास्करपंतांच्या स्वारीने रतनपूर नागपूरकर भोसल्यांच्या प्रभावाखाली आले. १७५८ पासून बिंबाजी भोसले तेथे राहू लागले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर हा मुलूख इंग्रजांकडे गेला. १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला. तेव्हापासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच प्रांताच्या कारभाराखाली होती. माधवराव सप्रे यांच्यासारखा मराठी मातृभाषेचा लेखक याच परिसरात १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढतो आणि पुढे दासबोध व गीतारहस्य हिंदीत आणतो. दोन भाषांमधील हे येणेजाणे सर्वांना ठाऊक आहे. परंतु राजवटीबरोबर आलेली भाषा ही कचेरीची, वसुलीची, धर्मग्रंथांची भाषा होती. पाण्याची भाषा त्याहून पुष्कळ जुनी आहे, आणि ती कोणत्याही सुभेदाराच्या मागोमाग आलेली नाही.

संस्कृत ‘मत्स्य’ प्राकृतात ‘मच्छ’ झाला. तेथून छत्तीसगढीत ‘मछरी’ आणि मराठीत ‘मासा’. संस्कृत ‘कच्छप’ हिंदीच्या बाजूला ‘कछुआ’ आणि मराठीत ‘कासव’. ‘मक्षिका’ची ‘माशी’ही त्याच नियमाने झालेली. प्राकृतातील ‘च्छ’चा मराठीत ‘स’ वा ‘श’ होतो, हा मराठीला हिंदीपासून वेगळे करणारा ठळक नियम आहे. झ्यूल ब्लॉक यांच्या १९२० च्या मराठीविषयक ग्रंथापासून तो अभ्यासकांच्या परिचयाचा झाला. रायपूर आणि गोंदिया यांच्या दरम्यान कोठेतरी मछरीचा मासा होतो. ती सीमारेषा भूगोलात पक्की आखता येणार नाही, पण व्याकरणात ती स्पष्ट आहे.

माणसांच्या नावांत मात्र ही सीमा पुसट होते. अमरकोशातील ‘कैवर्त’ छत्तीसगढात ‘केवट’ वा ‘केंवट’ म्हणून आजही नांदतो. ‘धीवर’ तेथे ‘ढीमर’ झाला आणि सीमेच्या अलीकडे, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या जिल्ह्यांत तोच ‘ढिवर’ आहे. दोन्हीकडचा प्रदेशही एकाच जातीचा : धानाची शेती आणि तलावांची दाटी. भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव आणि छत्तीसगढचे ‘तरिया’ एकाच जलव्यवस्थेची दोन नावे होत. कोशात उत्तान आणि अगाध यांच्या शेजारी बसलेला धीवर येथे प्रत्यक्षात तसाच उथळ आणि खोल पाण्याच्या मध्ये उभा आहे.

खोल पाण्याचे शब्दही सगोत्र आहेत. संस्कृत ‘ह्रद’ प्राकृतात ‘द्रह’, ‘दह’ असा झाला. मराठीचा ‘डोह’ आणि छत्तीसगढीचा ‘दहरा’ त्याच कुळातले. दहऱ्याच्या भरवशावर वाढीने धान्य काढून खाणारा माणूस छत्तीसगढी म्हणीत येतो. डोहात मासळी आहेच, ती मिळेल तेव्हा कर्ज फेडू, असा त्याचा हिशेब. म्हण त्याची थट्टा करते, पण डोह हा गरिबाचा तारण म्हणून ठेवता येणारा एकमेव ऐवज होता, हेही सांगून जाते. मराठीची म्हण मात्र उथळ पाण्याकडे वळते आणि त्याच्या खळखळाटाची निर्भर्त्सना करते. संस्कृत सुभाषितकारांनीही रोहित माशाला गांभीर्याचे आणि शफरीला उथळपणाचे प्रतीक केले. साहित्यसमीक्षेने ही विभागणी जशीच्या तशी उचलली. लेखन ‘सखोल’ असले की ते थोर, ‘उथळ’ असले की त्याज्य. ‘तळ गाठणे’, ‘अथांग’, ‘वरवरचे’ ही सगळी परिभाषा पाण्याचीच आहे, आणि ती काठावर उभे राहून पाणी पाहणाऱ्याची आहे. पाण्यात उतरणाऱ्याची परिभाषा निराळी होती.

ती कशी होती याचा पुरावा ‘वलगण’ या शब्दात सापडतो. पावसाळ्याच्या आरंभी ओढे, नद्या भरून वाहू लागल्या, की मासे थव्याथव्याने प्रवाहाच्या उलट दिशेला निघतात. मोठे पाणी सोडून ते नाल्यांतून, पाटांतून, बांधाच्या फटींतून भातखाचरांच्या उथळ पाण्यात शिरतात आणि तेथे अंडी घालतात. ठाणे, पालघर, रायगड या भागात याला वलगण म्हणतात आणि त्या वेळी पकडलेल्या माशांना वलगणीचे मासे. दक्षिणेकडे कोकणात आणि घाटमाथ्यावर त्यांनाच चढणीचे मासे असे नाव आहे. घटना एक, नावे दोन. थवा, उथळ पाणी, ऋतू आणि हालचाल या चारही गोष्टी या शब्दात एकत्र आल्या आहेत. इंग्रजीत जे उच्चाराच्या अपघाताने झाले, ते येथे अनुभवाने झाले आहे.

‘वलगण’ या शब्दाचे मूळ काय? पहिला मोह संस्कृत ‘वल्गन’कडे नेतो. वल्गन म्हणजे उड्या मारणे, दौडत जाणे. मासे उसळ्या मारीत येतात, तेव्हा अर्थ जुळल्यासारखा वाटतो. पण वर सांगितलेले सूत्र येथेही लागू करावयास हवे. ‘वल्ग’सारख्या जोडाक्षराचे प्राकृतात सारूप्य होऊन ‘वग्ग’ आणि मराठीत ‘वाग’ असे रूप येणे स्वाभाविक. त्यातील लकार सहसा टिकणार नाही. शब्द तत्सम म्हणून उतरला असे मानावे, तर शेताच्या बांधावर रात्री कंदील घेऊन मासे धरणाऱ्यांच्या बोलीत असा पंडिती शब्द कोठून आला, हे सांगता येत नाही.

दुसरी वाट अधिक भरवशाची आहे. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायात प्राकृताचे विवेचन केले आहे. संस्कृत धातूंच्या जागी लोकभाषेत कोणते धातू वापरले जातात याची तो यादी देतो. त्यात ‘आरुह्’, म्हणजे चढणे, या धातूच्या जागी येणारे दोन आदेश त्याने एकाच सूत्रात सांगितले आहेत : ‘चड’ आणि ‘वलग्ग’. ‘चड’ हा आपल्या ‘चढणे’चा पूर्वज. ‘वलग्ग’चा वारस जुन्या मराठीत ‘वळघणे’ या रूपात, चढणे, आरूढ होणे या अर्थाने आढळतो. पुढे प्रमाण मराठीतून तो मावळला. माझ्या मते ‘वलगण’ हे त्याच धातूचे, कोकणच्या किनारी प्रदेशात जिवंत राहिलेले नाम आहे. स्वरांमधील ‘ल’चा मराठीत ‘ळ’ व्हावयास हवा होता, ही शंका येथे कोणी घेईल. तिचे उत्तर त्या प्रदेशाच्या बोलीतच आहे. कोळी आणि आगरी बोलींत ‘ळ’च्या जागी ‘ल’ उच्चारला जातो. तेथे कोळ्याचा कोली होतो, तसाच वळगणीची वलगण. ध्वनीचा नियम जुळतो, अर्थ जुळतो, आणि मुख्य म्हणजे प्रदेशभेदाने वापरल्या जाणाऱ्या ‘चढण’ आणि ‘वलगण’ या दोन नावांत हेमचंद्राच्या एका सूत्रातील दोन्ही धातू आठ-नऊशे वर्षांनंतर जसेच्या तसे उभे राहतात. व्याकरणकाराने जे पर्याय म्हणून नोंदवले, ते मासे धरणाऱ्यांनी पर्याय म्हणूनच सांभाळले.

या व्युत्पत्तीचे महत्त्व केवळ कोशापुरते नाही. सुभाषितातील रोहित, म्हणजे आपला रोहू, अगाध पाण्यात राहतो हे खरे. पण पावसाळ्यात प्रजोत्पादनासाठी त्याला नदीकाठच्या नव्या पुराच्या उथळ पाण्याकडेच यावे लागते. साचलेल्या तळ्यात तो आपोआप अंडी घालीत नाही. गांभीर्याचे प्रतीक ठरलेल्या माशाचा वंश उथळातच सुरू होतो. ‘वलगण’ म्हणणाऱ्यांना हे ठाऊक होते. ‘उथळ’ हा दोष मानणाऱ्या आम्हां वाङ्मयाच्या लोकांना ते ठाऊक नव्हते.

विसाव्या शतकाने हे सर्व बदलले. १९५७ साली महानदीवर ओडिशात हिराकूड धरण सुरू झाले आणि समुद्राकडून वर चढणाऱ्या माशांची वाट त्या उंच भिंतीपाशी थांबली. त्याच वर्षी ओडिशातच हिरालाल चौधुरी यांनी ग्रंथिरसाचे टोचण देऊन कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. नदीच्या पुरावाचून मत्स्यबीज मिळू लागले, तलावांची मत्स्यशेती त्यावर उभी राहिली, आणि तिने लक्षावधी घरांत अन्न पोहोचवले हे नाकारता येणार नाही. या व्यवहाराने नवे शब्दही आणले. मत्स्यविभागाच्या मराठीत नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना ‘मत्स्यजिरे’ आणि बोटभर वाढलेल्यांना ‘बोटुकली’ म्हणतात. हे शब्द चांगले आहेत. डोळ्यांनी पाहून घडवलेले आहेत. पण जिरे मोजून, पिशवीत भरून विकता येते. ‘पोताधान’ ही ठेव होती.

वलगणीचीही दुसरी बाजू आहे. तेव्हा पकडलेली मासळी गाभोळीने भरलेली असते. पूर्वी बांबूचे पिंजरे आणि हाताची जाळी घेऊन जितकी सापडे तितकीच धरली जाई. वाढलेली माणसे, बारीक आसाची नायलॉनची जाळी आणि आटलेले ओढे यांनी हे प्रमाण बिघडले. छत्तीसगढात १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात नद्यानाल्यांतील मासेमारीला बंदी असते, ती याच कारणाने. महाराष्ट्राच्या सागरी बंदीचा काळही पावसाळ्याच्या आरंभाचाच आहे. म्हणजे कायद्याने जो काळ निषिद्ध ठरवला, तोच काळ ‘वलगण’ या शब्दाचा उत्सव होता. कायदा योग्य आहे. त्याच वेळी हा शब्द बोलणाऱ्यांच्या तोंडून नाहीसा होईल, तर बंदी कशासाठी आहे हे समजावून सांगणारे सर्वांत सोपे साधनही आपण गमावू, हे कायदा करणाऱ्यांनी जाणले पाहिजे.

नवा रायपूर हे शहर धानाच्या शेतांवर आणि तलावांच्या मधोमध वसवले गेले. २०१८ मध्ये त्याला अटल नगर हे नाव मिळाले. ज्या गावांच्या जमिनींवर ते उभे आहे, त्यांतील कयाबांधासारख्या नावांत ‘बांधा’ हे पद अजून ऐकू येते. खाचरांचे उथळ पाणी शहराच्या नकाशात रिकामी जागा म्हणून दाखवले जाते. कारण ‘उथळ’ या शब्दाला आपण उणिवेखेरीज अर्थच ठेवलेला नाही. पुण्यामुंबईच्या नकाशांचीही कथा याहून वेगळी नाही.

मोल्सवर्थचा कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला आणि १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. १९३२ पासून दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड येऊ लागले. या थोर कोशकारांनी बोलींतून शब्द वेचले म्हणून आपल्याला आज असे धागे जुळवता येतात. पुढच्या कोशकारांचे काम निराळे आहे. ढिवर, ढीमर, केंवट, कोळी आणि आगरी यांच्याकडून पाण्याचे शब्द त्यांच्या ऋतूसह, जागेसह आणि क्रियेसह नोंदवून घ्यावे लागतील. अर्थापुढे ‘एक प्रकारचा मासा’ एवढेच लिहून थांबता येणार नाही. तसे झाले, तर ‘वलगण’च्या नोंदीत हेमचंद्राच्या धातूशेजारी भातखाचराचा बांधही येईल. आणि ‘उथळ’ या नोंदीत, वरवरचे आणि क्षुद्र या अर्थांच्या आधी, ‘मासे जेथे अंडी घालतात ते पाणी’ असा एक अर्थ लिहिता येईल.